घरच्या गाडीसाठी परवडणारा स्कॅनर कसा निवडावा

डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘स्कॅनिंग करावं लागेल.’ त्याचे वेगळे पैसे लागतात आणि त्यातून नेमकं काय निघालं हे आपल्याला क्वचितच दाखवलं जातं. कानावर येतं ते एवढंच की सेन्सर गेलाय. हे वाचन घरच्या घरी सहज करता येतं. अडचण यंत्र निवडण्यात आहे. ऑनलाइन शोधलं की तीनशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंतचे स्कॅनर एकाच पानावर येतात आणि प्रत्येकावर ‘सर्व गाड्यांना चालतो’ असंच लिहिलेलं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात एक-दोन गाड्या असतील तर साधारण दीड ते साडेतीन हजारांचा बऱ्यापैकी डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये लावून फोनला जोडायचा छोटा स्कॅनर) आणि एक साधा मल्टिमीटर बहुतेक वेळा पुरतो. तीनशेचा डोंगल घेऊ नका आणि हौसेपोटी टॅबलेटवाला स्कॅनरही घेऊ नका. असं का, आणि कुणी याच्या उलट करावं, ते पुढे येतंच.

आधी गाडी पाहा

स्कॅनर गाडीशी बोलतो तो सोळा पिनांच्या एका सॉकेटमधून. ते बहुधा स्टेअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूला असतं. काही गाड्यांत ते फ्यूजबॉक्सच्या झाकणामागे किंवा मधल्या कन्सोलजवळ लपवलेलं असतं. टॉर्च घेऊन खाली वाका. वरची ओळ लांब आणि खालची आखूड असलेलं, समलंब आकाराचं सॉकेट दिसेल. सोळाच्या सोळा पिना नसल्या तरी घाबरू नका. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा प्लस असतो, चौथी आणि पाचवी अर्थिंगच्या, सहावी आणि चौदावी आजकालच्या कॅन लाइनच्या, तर सातवी जुन्या के-लाइनची (कॅन आणि के-लाइन म्हणजे गाडी ज्यांवरून माहिती पाठवते त्या तारा). तुमच्या गाडीत यातल्या लागतील तेवढ्याच भरलेल्या असतात.

पण सॉकेट आहे म्हणजे साधा स्कॅनर चालेलच असं नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. आपल्याकडे धुराचे भारत स्टेज ४ (बीएस ४) नियम १ एप्रिल २०१० ला मुंबई, पुणे आणि सोलापूर धरून देशातल्या १३ शहरांत आले. त्या गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा बंधनकारक झाला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. उरलेल्या देशात बीएस ४ आलं ते थेट एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे २०१३ नंतरची बीएस ४ गाडी आणि एप्रिल २०२० नंतरची कुठलीही बीएस ६ गाडी साध्या डोंगलशी बोलेल असं धरून चालायला हरकत नाही. २०१० ते २०१३ मधल्या गाड्या बहुतेक बोलतात, पण माहिती कमी देतात. त्याआधीच्या गाड्यांत कंपनीने स्वतःच्या भाषेसाठी सोळा पिनांचंच सॉकेट वापरलेलं असू शकतं. तिथे डोंगलचा दिवा लागतो आणि ॲप ‘गाडीशी संपर्क नाही’ म्हणत बसतं. अशा गाडीसाठी पैसे घालण्याआधी कुणाचा तरी डोंगल उसना आणून लावून पाहा.

गाडी कुठल्या टप्प्यातली आहे हे आरसीच्या स्मार्ट कार्डवर किंवा परिवहन खात्याच्या ॲपवर उत्सर्जन मानकाच्या रकान्यात लिहिलेलं असतं. पूर्ण इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा लेख फारसा कामाचा नाही. हे सगळं प्रमाण धुराच्या नियंत्रणासाठी जन्माला आलं, त्यामुळे बॅटरी पॅकची माहिती प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठेवते.

बाजारात काय मिळतं

पहिला प्रकार फोनला जोडायच्या डोंगलचा. दुसरा हातात धरायच्या कोड रीडरचा, छोटा पडदा आणि वायर असलेला (कोड म्हणजे गाडीने नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक). तिसरा दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या स्कॅनरचा, म्हणजे गाडीची माहिती वाचतो आणि गाडीला हुकूमही देतो: रेडिएटरचा पंखा चालू कर, एबीएसचा पंप फिरव, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी) जाळून साफ कर.

हातातला कोड रीडर साधारण दीड ते चार हजारांत येतो. फोनच्या भानगडी नकोशा असणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो चांगला. जोडणी तुटत नाही, पेअरिंग लागत नाही, चावी फिरवली की कोड समोर. मात्र चालू आकडे आलेखात पाहायला त्याचा पडदा अपुरा पडतो. घरच्या दुरुस्तीत खरी मदत त्या आकड्यांचीच होते, म्हणून माझा कल डोंगलकडे.

डोंगल घेताना पहिला प्रश्न फोनचा. अँड्रॉइडवर जुनं ब्लूटूथ, नवं ब्लूटूथ, वायफाय काहीही चालतं. आयफोनवर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल चालत नाही. त्यासाठी ब्लूटूथ ४.० म्हणजे लो एनर्जीवाला किंवा वायफायवाला घ्यावा लागतो. वायफायवाल्याचा त्रास असा की फोन डोंगलच्या नेटवर्कवर गेला की इंटरनेट मिळेलच असं नाही, आणि कोडचा अर्थ शोधायची वेळ नेमकी तेव्हाच येते. घरात दोन्ही तऱ्हेचे फोन असतील तर दोन्हींना चालणारा ब्लूटूथ डोंगल घ्या, चारशे-पाचशे जास्त गेले तरी.

आता चिपबद्दल. स्वस्त डोंगलवर ‘ईएलएम ३२७’ लिहिलेलं असतं. ही चिप मुळात कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं आणि तिथून जगभर नकला पसरल्या. गंमत म्हणजे बाजारात सर्वांत जास्त दिसणारी ‘१.५’ आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. आता ती कंपनीही बंद झाली आहे. त्यामुळे तीनशे रुपयांच्या डोंगलवर ‘अस्सल’ लिहिलेलं असलं तर त्याला काही अर्थ नाही.

नक्कल म्हणजे निकामीच असंही नाही. नकलेतही बरी आणि वाईट असते. वाईट नकलेत काही आज्ञा गायब असतात. कॅनवर चालणारी नवी गाडी ती वाचते, पण के-लाइनवरच्या जुन्या गाडीपुढे गप्प बसते. लांब उत्तर आलं की मधलाच भाग गाळते. कधी कधी ‘कोड नाही’ असं सांगते आणि गाडीत कोड असतो. न चालणाऱ्या यंत्रापेक्षा असं खोटं बोलणारं यंत्र जास्त महागात पडतं. म्हणून नाव असलेला डोंगल घ्या. व्हीगेटचा आयकार प्रो या किमतीत बरीच वर्षं टिकून आहे. ओबीडीलिंकचे डोंगल महाग, पण त्यांत कंपनीची वेगळी आणि वेगवान चिप असते. खरेदी नाव पाहून करायची, डब्यावरचा आवृत्तीचा आकडा पाहून नाही.

गाडीच्या कंपनीप्रमाणेही विचार करा. फोर्डने भारतातलं उत्पादन गुंडाळलं, पण फिगो, इकोस्पोर्ट, एंडेव्हर रस्त्यावर भरपूर आहेत. त्यांच्यासाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आहे, एबीएस-एअरबॅगपर्यंत वाचणारं. फोर्डमध्ये सहाव्या-चौदाव्या पिनांशिवाय तिसऱ्या-अकराव्या पिनांवरही एक वेगळी कॅन लाइन असते. दोन्ही वाचणारा डोंगल घेतला तरच पूर्ण गाडी दिसते. चाकणला बनलेल्या पोलो, व्हेंटो किंवा स्कोडा रॅपिडवाल्यांनी साध्या डोंगलऐवजी फोक्सवॅगन समूहासाठीच बनवलेला ओबीडीइलेव्हनसारखा पर्याय पाहावा. मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रावाल्यांना इंजिनापुरता साधा डोंगल पुरतो, मात्र एबीएस आणि एअरबॅगचे कोड त्यात बहुधा दिसत नाहीत.

पार्सल आल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत हे करून टाका. डब्यात एक छोटी सीडी येते, ती कचऱ्यात टाका. तिच्यातलं सॉफ्टवेअर कुठून आलं ते कुणालाच माहीत नसतं. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर, आयफोनवर कार स्कॅनर फोनच्या अधिकृत ॲप दुकानातूनच उतरवा. मोफत आवृत्तीवर सुरुवात करा आणि सशुल्क आवृत्ती डोंगल नीट चालतोय हे दिसल्यावरच घ्या.

गाडी बंद असताना डोंगल सॉकेटमध्ये सरळ दाबा, तिरका रेटू नका. मग चावी ऑन करा, इंजिन सुरू नको. जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल फोनच्या सेटिंगमधून पेअर करायचा, पिन बहुधा १२३४ किंवा ००००. लो एनर्जीवाला आणि आयफोनवाला मात्र थेट ॲपमधूनच जोडायचा असतो. फोनच्या सेटिंगमध्ये तो दिसला नाही म्हणून परत पाठवणारे खूप आहेत. वायफायवाला असेल तर ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० बहुतेक ठिकाणी चालतं.

जोडणी झाली की इंजिन सुरू करा आणि तीन गोष्टी पाहा. आरपीएम डॅशबोर्डच्या काट्याबरोबर हलतोय का? कूलंटचं तापमान हळूहळू वर चढतंय का? चार-पाच आकडे एकदम लावल्यावर ते सेकंदाला निदान एक-दोनदा बदलतायत का? आकडे अडखळत, थांबत येत असतील किंवा दर दोन मिनिटांनी जोडणी तुटत असेल तर जास्त विचार न करता परत करा.

कोड वाचायचा म्हणजे काय

समजा, पी०१७१ आला, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन आणि यू म्हणजे कंट्रोलरांच्या आपसांतल्या बोलण्यातला बिघाड. अक्षरानंतरचा पहिला अंक शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, तिथे इंटरनेटवर मिळालेला दुसऱ्याच गाडीचा अर्थ लावू नका.

कोड आला की आधी पडद्याचा फोटो काढा. मग फ्रीझ फ्रेम उघडा. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन गरम होतं की थंड, किती लोड होता, हे तिथे साठवलेलं असतं. दोन हजारांच्या आतल्या यंत्रातली माझ्या मते ही सगळ्यांत किमती गोष्ट, आणि गॅरेजमध्येही ती बघायला कुणाला सवड नसते. ‘घाट चढताना, इंजिन गरम, तिसरा गिअर’ एवढं कळलं की कारणांची यादी निम्मी होते.

कोड कधीही ‘हा पार्ट बदला’ असं सांगत नाही. पी०११३ घ्या. याचा अर्थ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज नको तितका जास्त आहे. चालू आकडे उघडले तर भर मे महिन्यात नागपुरात हवा उणे ४० अंश दिसेल. सेन्सर सहसा असा मरत नाही. उणे ४० म्हणजे सर्किट तुटलंय. एअर फिल्टर बदलताना कपलर (सेन्सरला वायर जोडणारा प्लग) निघून राहिला असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल. कपलर दाबून बसवला की काम फुकटात होतं. पावसाळ्यात पाणी शिरलेले कपलर आणि उभ्या गाडीतले उंदीर यांनी आपल्याकडे जेवढे ‘सेन्सर’ मारले असतील, तेवढे वयाने मेले नसावेत. मल्टिमीटर घ्या म्हणतो तो यासाठीच. सेन्सरच्या कपलरवर व्होल्टेज पोचतोय का आणि अर्थिंग आहे का, हे पाहिल्याशिवाय नवा सेन्सर विकत आणू नये.

मिसिंगचं निदान तर फारच सोपं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट न पेटणं. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेली पेट्रोल गाडी असेल तर इंजिन थंड असताना पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, एक फेरी मारा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०१ जागचा हलला नाही तर हाच खेळ प्लगचा करा, मग इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर मात्र हे प्रयोग रस्त्यावर करत बसू नका. जळलं नाही ते पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो पार्ट कॉइलच्या कितीतरी पट महाग असतो. गाडी बाजूला घ्या.

एकदम पाच-सात कोड, त्यांत यू अक्षराचे दोन-तीन, असं दिसलं तर आधी बॅटरी तपासा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. नव्या गाड्यांत अल्टरनेटर कधी कधी मुद्दाम कमी चार्ज करतो, तेव्हा एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.

चालू आकड्यांत काय बघायचं

पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिम शिकून घ्या. इंजिनाच्या कॉम्प्युटरला ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी टाकावं लागतंय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म साचत जातो. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असली की ठीक. अधिक वीसकडे जात असेल तर हवा जास्त शिरतेय किंवा इंधन कमी पडतंय. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि अडीच हजार आरपीएमला जागेवर, असं दिसलं तर इनटेकच्या बाजूला गळती शोधा. उलट वेग वाढला की ट्रिमही वाढत असेल तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा तो सेन्सर मळलेला. हवेचा दाब मोजणाऱ्या गाड्यांत हा नियम तसाच्या तसा लागत नाही. तिथे गळतीने ट्रिमपेक्षा आयडलिंगच वर चढतं.

इथे आपल्याकडच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ई२० पेट्रोलमध्ये इथेनॉलमुळे ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे जुन्या गाडीचा ट्रिम थोडा वर सरकणं स्वाभाविक आहे. तो बिघाड नव्हे. आणि बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आकडे पेट्रोलवर वेगळे आणि सीएनजीवर वेगळे लिहून घ्या. पेट्रोलवर सगळं ठीक आणि सीएनजीवर ट्रिम वीसच्या वर असेल, तर पी०१७१ चा इलाज किटच्या ट्यूनिंगमध्ये आहे, ऑक्सिजन सेन्सर बदलण्यात नाही. हे आकडे दाखवले की किटवाला ऐकतो, हा अनुभव आहे.

डिझेल गाडीत ट्रिमची भाषा चालत नाही. तिथे रेल प्रेशर (इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) आणि डीपीएफमधला दाब पाहायचा, पण साध्या डोंगलवर यातलं किती दिसेल ते गाडीवर अवलंबून.

कूलंटचा आकडा सगळ्यांनी एकदा हायवेवर पाहून ठेवावा. शेजारच्या सीटवरच्या माणसाने पाहावा, गाडी चालवणाऱ्याने नाही. गरम झालेलं इंजिन बहुधा ८५ ते १०५ अंशांत राहतं. वेगात तो सत्तरच्या खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि ॲव्हरेज का पडलं याचं उत्तरही तेच.

कोड पुसण्याआधी

पुसायचं बटण मोठं आणि मोहात पाडणारं असतं. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते आणि गाडीने स्वतःच्या तपासण्यांचे जे निकाल साठवलेले असतात तेही जातात. म्हणून फोटो, दुरुस्ती आणि मगच पुसणं, हा क्रम. एअरबॅग किंवा ब्रेकचा दिवा ‘घालवायला’ म्हणून तर कधीही पुसू नका.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. सोळाव्या पिनेवर चावी बंद असतानाही करंट असतो. आठवडाभर उभ्या गाडीत लावून ठेवलेला डोंगल अशक्त बॅटरी उतरवू शकतो. शिवाय १२३४ पिनचा ब्लूटूथ पार्किंगमध्ये कुणालाही जोडता येतो.

महाग स्कॅनर कुणी घ्यावा

लाँच, ऑटेल, थिंककार यांचे दोन्ही बाजूंनी बोलणारे स्कॅनर साधारण आठ-दहा हजारांपासून सुरू होतात आणि चाळीस हजारांच्या पुढे जातात. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीचे मागचे पॅड स्वतः बदलायचे असतील, डिझेलचा इंजेक्टर बदलून त्याच्यावर छापलेला कोड गाडीत भरायचा असेल, किंवा मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्येच फिरणाऱ्या बीएस ६ डिझेलचा डीपीएफ सारखा भरत असेल, तर त्यांची गरज पडते. पण ही कामं वर्षातून एकदाच येत असतील तर ती गॅरेजला देणं स्वस्त. सोसायटीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तर हिशेब बसतो.

घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल, साल आणि हवं ते काम, तिन्ही एका ओळीत सापडतात का ते पाहा. यादीत ‘टाटा’ आहे म्हणजे तुमच्या गाडीचा एबीएस वाचेलच असं नाही. मोफत अपडेट किती वर्षं, नंतर वर्षाला किती आणि पैसे भरले नाहीत तर यंत्र जुन्या गाड्या वाचत राहतं की नाही, हेही लेखी विचारा. आणि डीपीएफचं सक्तीचं रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करायचंच असेल तर उघड्यावर, वाळक्या गवतापासून लांब. सायलेन्सरमधलं तापमान सहाशे अंशांपर्यंत जातं, बंद पार्किंगमध्ये ते करूच नये.

जुनी गाडी घ्यायला जाताना

डोंगलचे पैसे एका दिवसात वसूल होतात ते इथे. विकणाऱ्याची परवानगी घेऊन डोंगल लावा. कोड नाहीत हे पाहून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटरचं, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारं, पान उघडा. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर यांच्यापुढे ‘अपूर्ण’ असेल तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. काही गाड्या ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडाही देतात. तो सहा किलोमीटर निघाला तर विकणाऱ्याला कारण विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दोनशे-तीनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासू द्यायच्या अटीवरच पुढची बोलणी करा.